बस, थांब आणि चाल

रिटायर झाल्यापासून घरात माझ्या वाट्याला एकच शब्द आला आहे. 'बसा.' पिशवी घेऊन बाजाराला निघालो की मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही बसा." अंगणातलं लाकूड उचलायला गेलो की सून म्हणते, "मामाजी, तुम्ही बसा बरं." आणि बायको तर काय, तिला आडपडदा कधीच नव्हता. "बसा न चुपचाप एका जागी! मधात मधात काऊन येऊन राह्यले?"

मी बसतो. तक्रार करायला मला तोंडच नाही, कारण जन्मभर हाच शब्द मी दुसऱ्यांना शिकवला. दुसऱ्यांना म्हणजे कुत्र्यांना.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "मास्तर, तुमच्या नोकरीचं काहीतरी लिहा." नोकरीचं म्हणाल तर मी बुलढाण्याला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे डॉक्टर सुई टोचतात तेव्हा बैलाचं शिंग धरून उभा राहणारा माणूस. बैलाला राग येतो तो डॉक्टरचा, काढतो तो ड्रेसरवर. त्याबद्दल लिहावं असं त्यात काही नाही, बरगडी दाखवता येईल फार तर. लोकांत माझं नाव झालं ते कुत्र्यांमुळे. आजही गावात चार जण मला 'कुत्र्याचा मास्तर' म्हणतात. पहिल्या पहिल्यांदा बायकोला याचा फार राग यायचा. तिच्या माहेरी कोणीतरी विचारलं होतं, "जावई मास्तर हायेत म्हणता, कोणत्या शाळेत?"

विद्या मी शिकलो तरुणपणी, खामगावात. तिथे कापसाच्या गाठी दाबणाऱ्या एका प्रेसवर गोरा साहेब होता, त्याचे कुत्रे सांभाळायला मला ठेवलं होतं. साहेब कुत्र्यांशी जेवढा बोलायचा तेवढा माणसांशी बोलत नव्हता. सिट म्हटलं की बसायचं, स्टे म्हटलं की हलायचं नाही. मी पाहून पाहून शिकलो. पुढे साहेब आपल्या मुलखाला गेला, कुत्रेही गेले, आणि मी दवाखान्यात लागलो. तिथे ऑफिसर लोकांचे कुत्रे यायचे. एखादं टेबलावरच उड्या मारायचं, तेव्हा मी त्याला दोन शब्दांत बसवायचो. बोलता बोलता गावभर झालं. मग मी सगळे हुकूम मराठीत आणले. म्हटलं, स्वराज्य आलं, आता कुत्र्याच्या मानेवर तरी इंग्रजी कशाला? बस, थांब, ये, सोड आणि चाल. एवढाच माझा अभ्यासक्रम.

यातलं शेवटचं सगळ्यात मोठं, आणि तेच लोक विसरतात. कुत्र्याला 'बस' म्हटलं की त्यानं बसायचं, ते 'चाल' म्हणेपर्यंत. मधे त्याची मर्जी नाही. आणि ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं. लोक काय करतात, कुत्र्याला बसवतात, शाबासकी देतात आणि चहा प्यायला निघून जातात. बिचारं कुत्रं थोडा वेळ वाट पाहतं आणि आपणच उठतं. मग त्याला कळतं की हुकूम आपणही मोडू शकतो. झालं, शाळा बुडाली. मी मालकाला आधीच सांगायचो, कुत्रं शिकेल हो, तुमचं काय?

आपल्याकडे तसे कुत्र्याशी बोलायचे शब्द दोनच. बोलवायला 'यू यू' आणि हाकलायला 'हाड'. त्यात 'हाड' तर त्याच्या आवडीचं खाणं. ज्या घरी मटण शिजतं त्या घरचं कुत्रं 'हाड' म्हटल्यावर जात नाही, जवळ येऊन बसतं. आणि 'यू यू'नं काय घोटाळा केला तोही सांगतो.

बुलढाण्याला तेव्हा एक मोठे साहेब होते, मद्रासकडचे. मराठी राज्य नवीन झालेलं, साहेबांची मराठी त्याहून नवीन. त्यांचा एक झुबकेदार कुत्रा होता, ऑफिसात पायाशी बसायचा. साहेब त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे, पण त्याला जेवू घालायचा बंगल्यावरचा गडी, आणि तो पंगत मांडायचा ती 'यू यू यू' करून. आता साहेबांची सवय अशी, की कारकुनावर चिडले की बोट रोखून ओरडायचे, "यू! यू!" पुढचं वाक्य बाहेर पडायच्या आत कुत्रा उठायचा, शेपटी हलवत कारकुनाजवळ जायचा, पुढचे पाय त्याच्या मांडीवर ठेवायचा आणि तोंडाकडे पाहायचा. जेवण कुठे आहे? सगळं ऑफिस फायलींत तोंड घालून हसायचं. साहेबांचा दरारा पार धुळीला मिळाला.

मला बोलावणं आलं. साहेब म्हणाले, याला हा शब्द विसरायला लावा. मी म्हटलं, "साहेब, पोटाशी बांधलेला शब्द विसरत नाही. त्यापेक्षा तुम्ही मराठीत रागवा." साहेबांनी विचार केला, हेडक्लार्ककडे शिकवणी लावली. हेडक्लार्क धोरणी माणूस. त्यानं साहेबांना पहिलं वाक्य शिकवलं, "आपण मूर्ख आहात." त्या दिवसापासून ऑफिसात सगळ्यांना अहोजाहो करून शिव्या मिळू लागल्या. कारकून सांगायचे, एवढा मान आम्हाला सासुरवाडीतही मिळाला नाही.

दुसरं गिऱ्हाईक शेगावचं. तिथे एक लॉजवाले शेटजी होते. त्यांचा मोती दारातच बसून येणाऱ्या भाविकांवर भुंकायचा, गिऱ्हाईक परत फिरायचं. शिकवायचं तर हातात काहीतरी खाऊ लागतो. मी म्हटलं भाकरीचे तुकडे द्या. शेटजी म्हणाले, "भाकरी कोण करते इथं? कचोरी हाये." कचोरी तर कचोरी. मोतीनं पटापट धडे घेतले. पण एक झालं, कचोरी नसली की तो मला ओळखही दाखवेना. आणि कचोरी दिसली की हुकमाची वाट न पाहता सगळे धडे एकदम म्हणून दाखवायचा. एकदा लांबून आलेलं एक कुटुंब ओसरीवर कचोरी खात बसलं होतं. मोती समोर गेला, बसला, उठला, पुन्हा बसला, पाय पुढे केला, मान खाली घातली. त्यातल्या म्हातारीनं कचोरी खाली ठेवली आणि हात जोडले. "मागच्या जन्माचं कोणी पुण्यवान हाये बाप्पा हे," म्हणाली आणि आपली कचोरी त्याच्यापुढे ठेवली. पुढच्या खेपेला ते कुटुंब पाहुण्यांसह आलं, खास मोतीसाठी. मी शेटजींना म्हटलं, "शेटजी, माझं शिकवणं वाया गेलं." ते म्हणाले, "काऊन वाया? माह्या पोराले येवढं शिकवलं असतं तं त्याचं दुकान तरी चाललं असतं."

हे झाले हसण्यावारी नेण्याचे किस्से. पण एक कुत्रं असं शिकवलं, की त्याच्या जिवावर बेतलं. तेही माझ्याच शिकवण्यानं.

देऊळघाटात कौतिकाबाई म्हणून एक बाई भाजीपाला करायच्या. नवरा गेलेला, पोरबाळ नाही, नदीकाठी थोडी जमीन. रोज वांगी, मेथी, कोथिंबीर टोपल्यांत भरायच्या, फाट्यावरच्या लिंबाखाली आणून ठेवायच्या आणि गाडीनं बुलढाण्याला विकायला यायच्या. टोपल्या दोन-तीन आणि बाई एकटी. एक आणायला गेल्या की पहिलीतली मेथी बकरी खायची. त्यांच्याकडे खंड्या नावाचं गावठी कुत्रं होतं, तांबडं, एक कान पडलेला. ते घेऊन बाई दवाखान्यात आल्या.

"भाऊ, याले येवढंच शिकवा का टोपल्यापाशी बसलं पाह्यजे. अन् मी घरी गेली तं दुसऱ्या कोणाचं बी आयकलं पाह्यजे. माहा आवाज बारका हाये, फाट्यावर गलका लय."

कुत्रं एकाच्या आवाजावर बसवणं सोपं, कोणाच्याही आवाजावर बसवणं अवघड. तोपर्यंत मी असं कधी केलं नव्हतं. मी हौसेनं कामाला लागलो. म्हातारे आले, बाया आल्या, शाळेची पोरं आली, सगळ्यांकडून 'बस' म्हणवून घेतलं. खंड्या इतका पक्का झाला की झाडावरून पोपट 'बस' म्हणाला असता तरी तो बसला असता. कौतिकाबाईंचं काम झालं. बाई घरी एकट्याच, त्यामुळे संध्याकाळी त्याच्याशीच बोलत बसायच्या. "घरात दुसरं कोन हाये हो बोलाले," म्हणायच्या. मीही छाती फुगवून फिरत होतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. मी हे शिकवलं तेव्हा आमच्या भागात गाडीला कोणी बस म्हणत नव्हतं. 'मोटर' म्हणायचे. मोटर आली, मोटर गेली, मोटर चिखलात फसली. मग नवीन राज्य झालं, सरकारच्या लाल गाड्या सुरू झाल्या आणि एक दिवस फाट्यावर लिंबाशेजारी लोखंडी खांब रोवून पाटी लावली गेली. पाटीवर लिहिलं होतं, 'बस थांबा'.

माझेच दोन हुकूम! मी ती पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, सरकारला माझं काम आवडलं. गावात सुपडू आजा म्हणून एक म्हातारे होते, त्यांना नातवानं पाटी वाचून दाखवली. आजा म्हणाले, "सरकारनं सांगतलं तं बसाच लागन," आणि खांबाला टेकून बसले. पुढे रोज ते तिथेच बसायचे.

पाटी आली तसा शब्दही आला. बघता बघता फाट्यावर सगळे 'बस' म्हणू लागले. 'मोटर' म्हणणारा अडाणी ठरू लागला. गाडी वळणावर दिसली की एकच ओरडा, "बस आली! बस आली!"

आणि खंड्या जिथे असेल तिथे बसायचा.

टोपल्यांपाशी असला तर ठीक. पण तो तरुण कुत्रा, रस्त्यावर इकडून तिकडे फिरायचा. बस आली की नेमका रस्त्याच्या मधोमध बसायचा, छाती पुढे काढून, गाडीकडे तोंड करून. लोक त्याला उठवायला ओरडायचे, "अबे उठ न, बस आली!" की तो आणखी घट्ट बसायचा. "बस आली दिसत नाई का बे तुले?" म्हणजे पुन्हा हुकूम. एवढे लोक एवढ्यांदा सांगतात म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार, असं त्या बिचाऱ्याला वाटत असावं. 'चाल' म्हणायचं कोणाच्या डोक्यात येईना.

गाडीचे ड्रायव्हर हबीबभाई, आमच्या बुलढाण्याचेच. माणूस दिलदार, पण नाकावर राग. रोज ब्रेक मारायचे, खिडकीतून डोकं काढायचे. "अरे बाबा, माहा दुश्मन हाये का बे तू? रोज रोज काऊन मरायले बसतं?" खंड्या शेपटी हलवायचा, पण बसूनच.

एक दिवस गाडीत देऊळघाटचे सरपंच होते. मोठा माणूस, मोठा फेटा. हबीबभाईंनी ब्रेक मारला, तसे सरपंच पुढच्या बाकावरच्या कोंबडीवालीच्या अंगावर गेले आणि फेटा तिच्या डालग्यात गेला. फेटा बाहेर काढला तेव्हा त्यात एक अंडं होतं. फुटलेलं. सगळी गाडी हसली, तिथेच घात झाला. सरपंच खाली उतरले आणि फाट्यावरच निकाल दिला. "कौतिके, येत्या बाजारच्या दिवसापर्यंत हे कुत्रं सुधारलं तं ठीक. नाई तं त्याले लाडू चारतो." लाडू म्हणजे विषाचा, हे सांगायला नको. सरपंच बोलले की करायचे, हेही सगळ्यांना माहीत.

कौतिकाबाई त्याच गाडीनं दवाखान्यात आल्या. टोपल्या तशाच पायरीवर ठेवल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमीच शिकवलं, आता तुमीच याले विसरवा." आणि पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मला तोवर वाटत होतं की मी फार हुशार आहे. त्या दिवशी ती हुशारी उतरली.

मी सुटी टाकून देऊळघाटला गेलो. शिकवणं हा एक धंदा, विसरवणं हा दुसरा, आणि तो मला कोणी शिकवला नव्हता. मी अंगणात उभा राहून 'बस' म्हणायचो आणि खंड्या उभा राहिला तर भाकरी द्यायची असं ठरवलं. खंड्या उभा राहिलाच नाही तर भाकरी देणार कधी? मी 'बस' म्हणायचो, तो बसायचा. मी तोंड वाकडं करायचो, की तो आणखी नीट बसायचा. शेवटी त्यानं मला पाय दिला. मास्तरचं डोकं फिरलं आहे, त्याला धीर द्यावा, असा तो भाव होता. ज्या शब्दावर इतके दिवस भाकरी खाल्ली तो शब्द तो कसा सोडेल? मी तरी सोडला असता का?

लोकांना 'चाल' म्हणायला सांगितलं, तर एक जण 'चाल' म्हणेपर्यंत दहा जण पुन्हा 'बस' ओरडायचे. मग म्हटलं, लोकांनाच पुन्हा 'मोटर' म्हणायला लावू. फाट्यावर विनंती केली. सगळे 'हाव हाव' म्हणाले. वळणावर गाडी दिसली आणि तेच सगळे ओरडले, "बस आली!"

बाजारचा दिवस जवळ येऊन राहिला होता. संध्याकाळी मी हात टेकून परत निघालो. दूर वळणावर हबीबभाईंची गाडी दिसली. कौतिकाबाई त्यांच्या बारक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आली बस तुमची."

खंड्या थोडा दूर होता. 'आली' म्हटल्याबरोबर त्यानं पडका कान उचलला, दोन पावलं बाईंकडे आला. मग 'बस' ऐकलं आणि तिथे बसला.

मी जागीच उभा राहिलो. हबीबभाई हॉर्न वाजवून राहिले, मी हलेना. म्हणजे लोक 'बस आली' म्हणतात तेव्हा कुत्र्याला बसायचा हुकूम आधी मिळतो, आणि बसल्यावर 'चाल'शिवाय उठायचं नाही हे तर मीच पक्कं केलेलं. पण 'आली' हा शब्द आधी आला तर? तो शब्द कोराच होता. त्यात मला पाहिजे ते भरता येत होतं. 'आली' म्हणजे टोपल्यांकडे पळ. 'बस' म्हणजे तिथे पोचून बस. काही विसरवायचं नाही, फक्त वाक्य उलटं करायचं. आली बस! आपल्या मराठीचे उपकार, तिला दोन्ही चालतं.

मी ती गाडी सोडली. "हबीबभाई, जा तुम्ही!" हबीबभाई म्हणाले, "अब मास्तर भी बैठ गया क्या?" आणि गेले.

खंड्या ते दुसऱ्या दिवशीच शिकला. 'आली' म्हटलं की तीरासारखा लिंबाखाली टोपल्यांपाशी. 'बस' म्हटलं की बैठक. आता उरलं गाव. गाव शिकवणं कुत्र्यासारखं नसतं, गाव आधी वाद घालतं. "उलटं काऊन म्हणाचं? सुलटं म्हटलं तं काय होते?" मग मी तीच रीत धरली. खिशात फुटाणे भरले आणि फाट्यावर उभा राहिलो. जो 'आली बस' म्हणेल त्याच्या हातावर फुटाणे, लगेच, आणि वर शाबासकी. जो 'बस आली' म्हणेल त्याच्याकडे पाठ. रागवायचं नाही, नुसती पाठ फिरवायची. काय सांगू, चांगली चांगली घरंदाज माणसं फुटाण्यासाठी उलटं बोलायला लागली. सुपडू आजा तर गाडीचा पत्ता नसताना खांबाला टेकून ओरडायचे, "आली बस!" खंड्या टोपल्यांकडे पळायचा आणि आजा माझ्याकडे हात पसरायचे. मी म्हणायचो, "आजा, कुठी हाये बस?" ते म्हणायचे, "येईनच न बे आज ना उद्या."

फक्त सरपंच शिकले नाहीत. मी वाड्यावर जाऊन समजावलं, तर भडकले. "मले शिकवतं का? मी का कुत्रं हाओ?" मी फुटाण्यांवरून हात काढला आणि मुकाट्यानं परत आलो.

बाजारचा दिवस उजाडला. सगळं गाव फाट्यावर. टोपल्या लिंबाखाली आणि खंड्या रस्त्याच्या मधोमध सोडलेला, तशीच सरपंचांची अट होती. सरपंच नवा लाल फेटा बांधून पुढे उभे. त्यांच्या माणसाच्या हातात एक पुडकं होतं, त्याकडे कोणी पाहत नव्हतं. ओरडायचं काम सुपडू आजांकडे दिलं होतं, बाकी सगळ्यांनी तोंडं गच्च मिटलेली. कौतिकाबाई टोपल्यांपाशी उभ्या होत्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

वळणावर हॉर्न वाजला. सुपडू आजांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी सरपंचांचाच हात वर गेला. इतक्या वर्षांची हुकूम सोडायची सवय, ती कुठे जाणार? "अरे सरका सरका! बस आली, बस आली!"

खंड्या बसला. रस्त्याच्या मधोमध, छाती काढून.

कौतिकाबाई मटकन खाली बसल्या. पुडकेवाला सरपंचांकडे पाहू लागला.

हबीबभाईंनी गाडी दुरूनच थांबवली. खाली उतरले, सावकाश चालत आले, खंड्याभोवती एक फेरी मारली आणि सरपंचांसमोर उभे राहिले.

"सरपंच साहेब, तुमी आता काय बोलले?"

"बस आली म्हटलं. काऊन?"

"अन् कुत्र्यानं काय केलं?"

"बसलं."

"म्हणजे तुमचा हुकूम मानला का नाई मानला?"

सरपंचांनी फेटा सावरला.

"साऱ्या गावानं पेपर बरोबर सोडवला, कुत्ता भी पास हाये," हबीबभाई गावाकडे हात करून म्हणाले, "एकटे तुमी नापास. लाडू कोणाले चाराचा मग?"

आधी सुपडू आजा हसले. मग कोंबडीवाली हसली. मग जे हसू सुटलं, ते गाडीतल्या लोकांनाही आवरेना. सरपंचांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. मला वाटलं आता संपलं, मोठ्या माणसाला हसलो. पण धंद्याचा नियम तोंडातून निघून गेला. "सरपंच साहेब, ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं असतं. त्याले 'चाल' म्हणा."

सरपंचांनी खंड्याकडे पाहिलं. खंड्या त्यांच्याकडेच पाहत होता, डोळे न हलवता, पुढच्या हुकमाची वाट पाहत. एवढ्या भरवशानं त्या गावात त्यांच्याकडे कोणी पाहिलं नसेल. सरपंच खाकरले. "चाल," म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "चाल बापू, चाल."

खंड्या उठला, त्यांच्यापाशी गेला आणि हात चाटला.

"आता म्हणा," मी म्हटलं, "आली बस."

"आली बस," सरपंच म्हणाले. खंड्या पळत लिंबाखाली गेला आणि कौतिकाबाईंच्या शेजारी टोपलीला लागून बसला. बाईंनी त्याच्या गळ्यात हात घातला आणि सगळ्यांसमोर रडल्या. आणि मी, सवय वाईट, खिशातून फुटाणे काढून सरपंचांच्या हातावर ठेवले. ठेवल्यावर कळलं काय केलं ते. सरपंचांनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फुटाणे तोंडात टाकले. पुडकं त्यांच्या माणसानं शेताच्या कडेला खोल पुरलं.

खंड्या पुढे पुष्कळ वर्षं त्या टोपल्यांपाशी बसला. म्हातारा होऊन, घरच्या अंगणात, कौतिकाबाईंच्या पायाशी गेला. काही वर्षांनी बाईही गेल्या. हबीबभाई रिटायर झाले, मीही झालो. निरोपाच्या समारंभात डॉक्टर साहेबांनी हार घातला आणि म्हणाले, "मास्तर, आता निवांत बसा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसा म्हणाले, पण पुढचा शब्द कोणी म्हणालं नाही. डॉक्टर साहेबांची बदली झाली, मी बसलेलोच. कधी कधी वाटतं, मी इतक्या कुत्र्यांना बसवलं, त्या सगळ्यांच्या मालकांनी 'चाल' म्हटलं असेल का? एखादं अजून वाट पाहत असेल, या विचारानं जीव खालीवर होतो.

मागे एका लग्नाला देऊळघाटला गेलो होतो. परत जायला फाट्यावर आलो आणि लिंबाखाली टेकलो. पाटी गंजली आहे, 'बस'मधला 'स' गेला आहे. कॉलेजात जाणाऱ्या पोरी उभ्या होत्या. वळणावर गाडी दिसली आणि त्या सगळ्या एका सुरात ओरडल्या, "आली बस!"

माझ्या अंगावर काटा आला. एकीला विचारलं, "बाई, बस आली असं काऊन नाही म्हणत?"

ती दचकलीच. "नाई हो आजोबा! तसं म्हटलं का गाडी मधातच बंद पडते. आमची आजी सांगते."

मी खिशात हात घातला, पण फुटाणे नव्हते. तिनं पुस्तकं सावरली, चार पावलं गेली आणि वळून पाहिलं. मी अजून बसलेलोच होतो.

"अहो आजोबा, बसून काय राह्यले? चला न!"

ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं, हा नियम माझाच. तो मी त्या दिवशी मोडला. उठलो आणि त्या पोरींच्या मागून गाडीत चढलो.

कंडक्टरनं विचारलं, "कुठं जाचं, बाबा?"

मी म्हटलं, "ही कुठं चालली?"